मडगार्डावरचा चौकोन

जत्रेच्या माळावर तीनचारशे बैलगाड्या सुटलेल्या आहेत. अंधार पडला आहे. तमाशाच्या फडातून उठलेला एखादा दहा वर्षांचा पोरगा आपली गाडी कशी शोधतो? गाड्या सगळ्या एकसारख्या. साटी तशीच, चाके तशीच, जू तसेच. पण त्याला ठाऊक असते, की आपल्या गाडीच्या जुवावर बापाने निळ्या तेलरंगाने एक कमळ काढले आहे. कंदिलाच्या उजेडात तो ते कमळ शोधतो आणि घरच्या माणसांत जाऊन पोहोचतो. त्या कमळाला कोणी मोठी चित्रकला म्हणणार नाही. पण त्या रात्री त्या पोराच्या दृष्टीने त्याच्याएवढे मोलाचे दुसरे काही नसते.

आज मला असल्याच कमळांविषयी बोलायचे आहे. मात्र ती बैलगाडीवरची नव्हेत. दोन महायुद्धांत ब्रिटिश सैन्याच्या लॉऱ्या, जीपगाड्या, तोफा ओढणाऱ्या गाड्या आणि रणगाडे ह्यांच्यावर रंगवलेल्या खुणा, हा आजचा विषय. ह्या खुणा जमवण्याचा छंद असलेली माणसे इंग्लंडात पुष्कळ आहेत, इतर देशांतही आहेत. कोणी कापडी बिल्ले जमवतो, कोणी मोडीत निघालेल्या गाडीचा रंगवलेला पत्रा जपून ठेवतो, कोणी जुने फोटो गोळा करतो. कुणाला हा पोरखेळ वाटेल. पण नीट केला तर हा छंद म्हणजे इतिहासाचेच काम आहे, आणि आंधळेपणाने केला तर इतिहासाची नासाडी आहे. त्या नासाडीत आपल्या मराठी माणसांचाही तोटा आहे. तो कसा, ते पुढे सांगतो. आधी खुणा वाचायला शिकू या.

आकाराची कल्पना यावी म्हणून एक गोष्ट ध्यानात घ्या. १९४४ साली ब्रिटिश पायदळाच्या एका डिव्हिजनमध्ये अठरा हजारांवर माणसे असत आणि गाड्या तीन हजारांहून अधिक. सगळ्या एकाच मळकट रंगाच्या. अशा दोनतीन डिव्हिजन एकाच रस्त्याने, रात्री, दिवे झाकून निघाल्या, तर चौकात उभ्या असलेल्या पोलीस शिपायाने कोणाला डावीकडे पाठवायचे आणि कोणाला उजवीकडे? गाडीवर ठळक अक्षरांत डिव्हिजनचा नंबर लिहावा, तर शत्रूच्या हेराला आयता पत्ता मिळतो. आपल्याला वाचता यावे, शत्रूला मात्र उमगू नये, असे काहीतरी हवे होते. त्यातून पहिल्या महायुद्धात, १९१५-१६ च्या सुमारास, डिव्हिजनची चिन्हे निघाली.

ती काढताना लोकांनी डोके चालवले. ७४ वी डिव्हिजन घोडेस्वारांची होती, पण त्यांना घोड्यांवाचून पायी लढावे लागले. त्यांनी चिन्ह घेतले स्वाराच्या बुटाच्या मोडक्या काट्याचे, म्हणजे तुटलेल्या टाचेचे. घोडा गेला, टाच मोडली. सांगायचे ते सांगून झाले. ३५ व्या डिव्हिजनमध्ये नेहमीच्या मापाहून बुटके, पण काटक जवान भरती केले होते. त्यांनी घेतला छोट्या जातीचा झुंजार कोंबडा. पुढे ती भरती बंद झाली, तेव्हा चिन्हही बदलले. सात पाचांचे आकडे एका वर्तुळात मांडले. सात पंचे पस्तीस! शिक्षक बंधुभगिनींनो, पाढ्यांच्या तासाला सांगण्याजोगी ही गोष्ट आहे.

दुसऱ्या महायुद्धात ही पद्धत पुन्हा बहरली. ७ व्या चिलखती डिव्हिजनचे चिन्ह होते जर्बोआ. हा वाळवंटातला उडी मारत पळणारा उंदीर, मागचे पाय लांब आणि शेपूट झुबकेदार. १९४० साली डिव्हिजनच्या सेनापतीच्या पत्नीने कैरोच्या प्राणिसंग्रहालयात जाऊन त्याचे चित्र काढले, असे सांगतात. त्या उंदरावरून ते सैनिक ‘डेझर्ट रॅट्स’ म्हणून जगभर नावारूपाला आले. ५१ व्या हायलँड डिव्हिजनचे चिन्ह म्हणजे एच आणि डी ही दोन लाल अक्षरे. पुढे गेलेली मंडळी भिंत दिसली की अक्षरे रंगव, झाड दिसले की अक्षरे रंगव, असे करीत. इतर पलटणींनी त्या अक्षरांचा अर्थ लावला, ‘हायवे डेकोरेटर्स’, म्हणजे रस्ते सजवणारे!

चिन्हे काळाबरोबर बदलत, आणि अभ्यासकाला तेच उपयोगी पडते. ४९ वी डिव्हिजन १९४० पासून १९४२ पर्यंत आइसलँडात होती, म्हणून तिने बर्फातले पांढरे अस्वल घेतले. आधीच्या चित्रात अस्वलाची मान खाली होती. १९४३ साली आलेल्या नव्या सेनापतींना, जनरल बार्कर ह्यांना, ते अस्वल फार गरीब वाटले. त्यांनी मान वर करायला लावली. आता एखाद्या पत्र्यावर मान खाली घातलेले अस्वल सापडले, तर त्या रंगाचा काळ साधारण कुठला, हे कागदावाचूनही कळते.

पण चिन्ह दिसले म्हणून सगळे कळले असे समजू नका. काळी मांजर पाहिली, तर ती कोणाची? ५६ व्या लंडन डिव्हिजनचेही चिन्ह काळी मांजरच. ती लोककथेतल्या डिक व्हिटिंग्टनची, जो गरीब पोरगा पुढे लंडनचा महापौर झाला त्याची. आणि ब्रह्मदेशात लढलेल्या १७ व्या भारतीय डिव्हिजनचेही चिन्ह काळी मांजर. ह्या डिव्हिजनचे पहिले चिन्ह विजेचा लोळ होते. १९४२ च्या माघारीनंतर तिने मांजर घेतली. एक मांजर इटलीत, एक ब्रह्मदेशात. पाठीमागचा रंग आणि पत्रा कोठे सापडला हे टिपलेले नसेल, तर नवखा माणूस सहज फसतो.

आता मडगार्डाच्या दुसऱ्या बाजूला या. चित्राचे चिन्ह एका बाजूला असे, आणि दुसऱ्या बाजूला एक साधा रंगीत चौकोन, त्यात पांढरा आकडा. दिसायला अगदी रुक्ष. पण खरा मजकूर तिथे आहे.

चौकोनाचा रंग सैन्याची शाखा सांगे. वर तांबडा आणि खाली निळा असला, की तोफखाना. वर पांढरा, खाली निळा, तर सिग्नल, म्हणजे निरोपाची व्यवस्था पाहणारे. पायदळाच्या तीन ब्रिगेडना तीन रंग. ज्येष्ठ ब्रिगेडला तांबडा, दुसरीला हिरवा, तिसरीला तपकिरी. आणि आकडा सांगे नेमकी पलटण. ब्रिटिश पायदळाच्या डिव्हिजनमध्ये युद्धाच्या शेवटच्या वर्षांत तांबड्या चौकोनात ५५, ५६, ५७, हिरव्यात ६०, ६१, ६२ आणि तपकिरीत ६७, ६८, ६९ अशा नऊ पलटणी असत.

ह्यातली खुबी अशी, की हे आकडे सगळ्या पायदळी डिव्हिजनना सारखेच होते. एका डिव्हिजनमधली ५५ वेगळी, दुसरीतली ५५ वेगळी. म्हणजे नुसता आकडा हाती आला तर काहीच कळत नाही, आणि नुसते चित्र हाती आले तर अर्धेच कळते.

आपल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको. सातबाराचा उतारा डोळ्यांपुढे आणा. गट नंबर ५५ तुमच्या गावात आहे, शेजारच्या गावातही आहे. गावाचे नाव न सांगता तलाठ्याला नुसता ५५ म्हणालात, तर तो हसेल. आणि गट नंबर न सांगता नुसते गावाचे नाव घेतलेत, तर बांध कुठला हे कोण सांगणार? चित्राचे चिन्ह म्हणजे गावाचे नाव, आणि चौकोनातला आकडा म्हणजे गट नंबर. दोन्ही एकत्र वाचले तरच वहिवाट कळते.

गाडीवर आणखीही खुणा असत. समोर एक पिवळी वाटोळी टिकली, तिच्यात काळा आकडा. ही पुलासाठी. आकडा ढोबळ मानाने भरलेल्या गाडीचा भार सांगे. पुलाच्या तोंडाशीही तसाच पिवळा फलक असे. गाडीचा आकडा पुलाच्या आकड्याहून मोठा असला, तर गाडी पुलावर घालायची नाही. ४० आकड्याचे लोखंडी बेली पूल इटलीत आणि फ्रान्सात नदीनदीवर टाकलेले होते. ड्रायव्हरला वजनाचे गणित येत असो वा नसो, दोन आकडे ताडून पाहिले की झाले.

रणगाड्यांवर भूमितीचे आकार असत. मुख्य ठाण्याच्या रणगाड्यांवर चौकट, म्हणजे पत्त्यातल्या चौकटसारखी आकृती. ‘ए’ स्क्वाड्रनला त्रिकोण, ‘बी’ला चौरस, ‘सी’ला वर्तुळ. धुरळ्यात आणि धुरात, रेडिओ बंद पडला असता, आपली माणसे कोठे आहेत हे एका नजरेत कळावे म्हणून.

आणि शेवटी गाडीचा स्वतःचा नोंदणी नंबर. त्याच्या आधी एक अक्षर. रणगाड्याला टी, लॉरीला एल, मोटारीला एम, मोटारसायकलला सी, रुग्णवाहिकेला ए. गाडी एका पलटणीतून दुसरीकडे गेली की चित्र बदले, चौकोन बदले, पण हा नंबर सहसा तोच राही. माणसाने गाव बदलले तरी जन्मतारीख बदलत नाही, तसे.

श्रोते हो, ह्या खुणा नेहमी खरे बोलत, असेही नाही. युद्धाच्या काळात वर्तमानपत्रांत छापायच्या फोटोंतून सेन्सॉर ही चिन्हे खरवडून काढी. त्यामुळे त्या वेळच्या पुष्कळ फोटोंत मडगार्डावर नुसता पांढुरका डाग दिसतो. दुसरी गंमत त्याहून मोठी. कैरोमध्ये ब्रिगेडियर डडली क्लार्क ह्यांच्या हाताखाली शत्रूला फसवण्याचे एक खातेच होते. १९४२ साली त्यांनी ‘कॅस्केड’ नावाची योजना आखली. अस्तित्वात नसलेल्या डिव्हिजन कागदावर उभ्या केल्या, त्यांना चिन्हे दिली, आणि ती चिन्हे रंगवलेल्या गाड्या हेरांच्या नजरेस पडतील अशा फिरवल्या. पुढे जर्मनांचे कागद हाती आले तेव्हा दिसले, की नसलेल्या कितीतरी डिव्हिजन त्यांनी खऱ्या धरल्या होत्या. रंगाच्या डब्याने आणि कुंचल्याने जे काम केले, त्याला एरवी हजारो माणसे लागली असती.

म्हणजे काय, तर मडगार्डावरची खूण हा एक कागदच आहे. तो अस्सल असेल, बनावट असेल किंवा मागाहून लिहिलेला असेल. कागदपत्र पाहताना वकील जी सावधगिरी घेतो, तीच इथे घ्यावी लागते.

आता छंदाकडे वळू. युद्ध संपताच, १९४६ साली, हॉवर्ड कोल ह्यांचे ह्या चिन्हांवरचे पुस्तक इंग्लंडात निघाले. जमवणाऱ्यांना एक यादी मिळाली. मग जे नेहमी होते तेच झाले. लोकांना चित्रे हवीशी झाली. उंदीर, अस्वल, गरुड, मांजर ही भिंतीवर लावायला देखणी. गाडी भंगारात निघाली की कोणी येऊन चित्रापुरता पत्रा कापून नेई. दुसऱ्या बाजूचा चौकोन, पिवळी टिकली, नोंदणी नंबर हे सगळे भंगारवाल्याच्या भट्टीत. चित्राला गिऱ्हाईक वाढले, तसे नकली पत्रे आणि नकली बिल्लेही बाजारात आले. आणि जे हौशी लोक जुन्या गाड्या दुरुस्त करून चालवतात, त्यांच्यातलेही काही जण आधी सगळा रंग खरवडतात आणि मग ज्या डिव्हिजनचे नाव मोठे, तिचे चिन्ह रंगवतात. त्यामुळे कधी आफ्रिकेला न गेलेली गाडीही उंदीर मिरवते!

ह्याच्या उलट जे जाणते आहेत, त्यांची रीत पाहण्यासारखी आहे. ते बारीक पॉलिशपेपरने पाण्याचा हात देत एकेक थर हळूहळू उतरवतात. वरचा रंग नागरी मालकाचा, त्याखाली सैन्याचा शेवटचा, त्याखाली त्याआधीचा. प्रत्येक थरात काय दिसले, गाडीच्या कोणत्या भागावर दिसले, किती मोठे होते, ह्याचा फोटो घेतात आणि वहीत टिपतात. नोंदणी नंबर सापडला की जुने फोटो आणि पलटणींच्या युद्धडायऱ्या ह्यांच्याशी ताडतात. तोवर नवा रंग लावत नाहीत. गावात जुन्या वाड्याच्या भिंतीवर चुन्याचे थर चढलेले असतात. त्यांतला एखादा थर सांभाळून काढला तर खालचे चित्र निघते, आणि खरवडला तर चित्रही जाते आणि भिंतही. अगदी तसेच हे.

आता मी सुरुवातीला म्हटले तो मराठी माणसाचा तोटा.

८ वी भारतीय डिव्हिजन सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीत उतरली आणि युद्ध संपेपर्यंत तिथे लढली. तिचे चिन्ह होते क्लोव्हरचे पान, आपल्या लसूणघासाच्या जातीतले. ह्या डिव्हिजनमध्ये मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण होती. त्याच पलटणीचे नामदेव जाधव, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातले शिपाई, ह्यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीकाठी जखमी सोबत्यांना मागे आणले, शत्रूच्या मशीनगनच्या जागा मोडल्या आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. त्यांचे नाव पुस्तकात आहे आणि राहील.

पण त्याच डिव्हिजनमध्ये रणगाड्यांविरुद्ध तोफा चालवणारी एक रेजिमेंट होती, चौथी मराठा अँटिटँक रेजिमेंट. तोफा ओढायच्या म्हणजे गाड्या आल्या, ड्रायव्हर आले, गाड्यांचे मिस्त्री आले. कोण होती ही माणसे? आपल्यासारख्यांच्याच घरची. आयुष्यभर बैलांच्या मागे चाललेली, आणि आता इटलीच्या चिखलात तोफेची गाडी हाकणारी. त्यांतल्या बहुतेकांची नावे कोणत्याही पुस्तकात आलेली नाहीत.

त्यांच्या गाडीवर काय रंगवलेले असेल, हे आता तुम्हीच सांगू शकाल. एका बाजूला क्लोव्हरचे पान. दुसऱ्या बाजूला वर तांबडा, खाली निळा असा तोफखान्याचा चौकोन, आणि त्यात रेजिमेंटचा आकडा. पान त्या डिव्हिजनमधल्या प्रत्येक गाडीवर होते. इंग्रज तोफखान्याच्या गाडीवरही तेच पान. ही गाडी मराठा गोलंदाजांची, हे सांगणारा गाडीवरचा पुरावा म्हणजे तो आकडा. जमवणाऱ्याने पान कापून नेले आणि चौकोन भंगारात टाकला, तर काय उरले? गावाचे नाव उरले आणि गट नंबर गेला. आपली माणसे तिथे होती, ही गोष्ट त्या पत्र्यावरून कायमची पुसली गेली.

हीच कथा पूर्वेकडची. २३ व्या भारतीय डिव्हिजनच्या गाड्यांवर पिवळ्या वर्तुळात तांबडा झुंजार कोंबडा होता. मार्च १९४४ मध्ये मणिपुरात सांगशाकच्या टेकड्यांवर जपान्यांना अडवून धरणाऱ्यांत ह्या डिव्हिजनची मराठा पलटण, चौथी, होती. कोंबडा सगळ्यांचा. मराठ्यांचा म्हणून ओळखायचा, तर शेजारचा आकडाच पाहावा लागेल.

शिक्षक बंधुभगिनींनो, ह्यात तुमच्यासाठी एक काम आहे. अहिल्यानगरला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला, १९९४ पासून रणगाड्यांचे संग्रहालय आहे. तिथे मटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल हे जुने ब्रिटिश रणगाडे उभे आहेत. सहल न्याल तेव्हा मुलांना नुसते तोफेवर हात ठेवून फोटो काढू देऊ नका. त्यांना वही द्या. कोणती खूण कोठे आहे, रंग कोणता, आकडा काय, ते टिपू द्या. आणि एक प्रश्न विचारायला शिकवा: ही खूण मूळची, की मागाहून रंगवलेली? हा प्रश्न ज्या पोराला विचारता आला, त्याला इतिहासाची पहिली इयत्ता पास झाली असे समजा.

सहल नाही जमली तरी बिघडत नाही. आपल्या गावात माजी सैनिकांची घरे आहेत. कोणाच्या पेटीत आजोबांचा कापडी बिल्ला असेल, कोणाच्या भिंतीवर फोटो असेल, मागे गाडी उभी असेल. तो बिल्ला मागून आणू नका, विकतही घेऊ नका. तो त्या घरातच राहू द्या. फक्त वहीत लिहून घ्या, की हा कोणाचा, ते कोणत्या पलटणीत होते, कोठे कोठे गेले, आणि हे आज कोणी सांगितले. फोटोच्या मागच्या बाजूला काही लिहिलेले असले तर तेही उतरवून घ्या. चित्रापेक्षा पुष्कळदा त्या मागच्या ओळीच जास्त बोलतात.

जत्रेतल्या त्या पोराला कमळ सापडले, म्हणून घर सापडले. पण कमळच उचलून कोणी भिंतीवर लावले असते, तर पोरगा माळावरच राहिला असता. खूण जिथे आहे तिथेच, तिच्या शेजारच्या आकड्यासकट वाचा आणि लिहून ठेवा. नाव नसलेली माणसे तेवढ्यानेसुद्धा घरी पोहोचू शकतात.